गिटारच्या पोटातले तांदूळ

महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर एक माणूस आणि एक गिटार अशी दोघं झोपू शकत नाहीत. म्हणून मुंबई ते सांगली गिटार झोपली आणि मी बसलो. फुलाफुलांच्या चादरीत ती गुंडाळलेली होती. कल्याणला चढलेल्या आजींनी वर बघून हलकेच विचारलं, "ताप उतरला का बाळाचा?" पुण्याला एक गृहस्थ चढले. चादरीतून डोकावणाऱ्या खुंट्या बघून म्हणाले, "सतार वाटतं. मिरजेला नेताय?" मी म्हटलं, "गिटार आहे." त्यांचा चेहरा पडला. "मुलाची?" "नाही, माझी." त्यांनी माझ्या डोक्याकडे, म्हणजे जिथे पूर्वी केस होते तिकडे, क्षणभर पाहिलं आणि दिवा मालवला.

या प्रकरणाची सुरुवात १९८५ च्या गणपतीत झाली. आमच्या गल्लीत ऑर्केस्ट्रा आला होता. व्हॉइस ऑफ किशोरचा घसा बसला होता, व्हॉइस ऑफ लता माइकच्या शिट्टीशी झुंजत होती आणि मागे लोखंडी खुर्चीवर एक माणूस रात्री अकरा वाजता काळा गॉगल लावून गिटार वाजवत होता. पान खात होता. कोणाकडेही बघत नव्हता. त्याच्या गिटारला नेहमीसारखं गोल भोक नव्हतं. व्हायोलिनला असतात तशा दोन वेलांट्या दोन बाजूंना कोरलेल्या होत्या, आणि पोट पुढे आलेलं होतं. घरी येऊन मी वडिलांना सांगितलं, मला तसली गिटार पाहिजे. वडील म्हणाले, "दहावी होऊ दे."

दहावी झाली. मग बारावी, पाटबंधारे खात्यात नोकरी, लग्न, मुलीची दहावी, मुलीचं लग्न. गेल्या वर्षी कामानिमित्त मुंबईला गेलो असताना चोरबाजारात मटन स्ट्रीटवर, एका भोंगा तुटलेल्या ग्रामोफोनच्या आणि शिलाई मशीनच्या मध्ये ती मला दिसली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दहावी होऊन अडतीस वर्षं झाली आहेत. वडील राहिले नव्हते, पण त्यांची अट पूर्ण झालेली होती.

दुकानदार म्हणाला, "साब, असली जर्मन." गिटारच्या कपाळावरचं नाव खरवडून गेलं होतं. आत चिकटवलेली चिठ्ठी कसरीने खाल्ली होती. एक तार नव्हती, एका खुंटीचा कान नव्हता आणि तारा दांडीपासून इतक्या उंच होत्या की मधून पेन्सिल आरपार जावी. गिटार हलवली की आत काहीतरी गडगडायचं. सहा हजार पाचशेपासून सुरू झालेलं बोलणं तीन हजार दोनशेला थांबलं. मला वाटलं, मी त्याला लुटलं. त्याने चादर फुकट दिली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

घरी आईने पहिला प्रश्न विचारला, "कुठली म्हणालास?" मी अभिमानाने म्हटलं, "जर्मन." आईने खाली तारा अडकवायच्या पांढुरक्या पत्र्यावर नख वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "जर्मनच आहे. आंबट लावू नकोस त्याला." आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मन म्हणतात. पुढे ठरलं ते असं, की संपूर्ण गिटारमध्ये दुकानदार खरं बोलला होता तो तेवढ्याच एका तुकड्याबद्दल.

या जातीच्या गिटारला आर्चटॉप म्हणतात. साध्या गिटारची छाती पाटासारखी सपाट असते; हिची फुगलेल्या पुरीसारखी. साध्या गिटारच्या तारा घोडीपाशीच संपतात. हिच्या तारा घोडीवरून उडी मारून थेट तळाच्या पत्र्याला जाऊन अडकतात. हे डोकं व्हायोलिनचं आहे, आणि ते गिटारच्या धडावर बसवलं अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या माणसाने. तो मूळचा मॅंडोलिन करणारा. लाकूड वाकवण्यापेक्षा कोरून फुगीर करावं अशी त्याची कल्पना होती, तिचं पेटंट त्याला १८९८ मध्ये मिळालं. पुढे १९२२ च्या सुमारास त्याच्या नावाच्या कंपनीने एल-५ नावाची गिटार काढली आणि तिला व्हायोलिनच्या वेलांट्या दिल्या. त्या काळात गिटारवाल्याला माइक नव्हता. पुढ्यात डझनभर तुताऱ्या आणि सॅक्सोफोन एकदम वाजत असताना आपलं अस्तित्व जाणवून द्यायचं, तर फुगीर पोट आणि जाड तारा यांवाचून उपाय नव्हता. आवाज गोड असण्यापेक्षा पोहोचणं महत्त्वाचं.

या वाद्याचा आदर्श पुरुष म्हणजे फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये १९३७ पासून १९८७ मध्ये मरेपर्यंत हा माणूस बसला, वीज न जोडता गिटार वाजवत, प्रत्येक मात्रेला एक आघात, चाराच्या चार. एकट्याने पुढे येऊन वाजवणं जवळजवळ नाहीच. रेकॉर्ड ऐकताना तो वेगळा ऐकू येत नाही. पण तो उठला असता तर सगळा बँड खाली बसला असता, असं जाणकार सांगतात. पन्नास वर्षं एका खुर्चीवर बसून, कोणाच्या नजरेत न येता, सगळ्यांचा ताल सांभाळायचा. हे वाचल्यावर मला जॅझ नाही समजलं तरी हेडक्लार्क हे पद प्रथमच नीट समजलं.

आपल्याकडे ही गिटार आली ती मुंबईच्या हॉटेलांतल्या नाचाच्या बँडांबरोबर, आणि तिथून फिल्मी वादकांच्या ताफ्यात. त्यांतले पुष्कळ वादक गोव्याचे. आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, हिंदी सिनेमाला जे ठेके दिले त्यांत त्यांचा साहाय्यक होता हळदोण्याचा ट्रम्पेटवाला आंतोनियो शाविएर वाझ, ज्याला जग चिक चॉकलेट म्हणून ओळखतं. रात्री हॉटेलात, सकाळी स्टुडिओत असं या मंडळींचं आयुष्य. त्यांच्या गिटारी पुढे कुठे गेल्या असतील या विचारात मी रात्र रात्र जागायचो, आणि माझी त्यांतलीच एक असणार असा निष्कर्ष काढून पहाटे झोपायचो.

आता दुरुस्ती.

आत गडगडणाऱ्या वस्तू वेलांटीतून बाहेर काढायला एक संपूर्ण रविवार गेला. निघालं ते असं: चौकोनी पाच पैशांची दोन नाणी, अर्धी सुपारी, बसचं तिकीट, वाजवायची एक नखी आणि एक वाळलेलं झुरळ, बहुधा गोव्याचंच. धूळ मात्र निघेना. व्हायोलिन दुरुस्त करणारे लोक यासाठी एक जुनी युक्ती करतात: पोटात मूठ-दोन मूठ कोरडे तांदूळ घालायचे, वाद्य सगळीकडून हलवायचं, तांदूळ धूळ घेऊन बाहेर येतात. मी स्वयंपाकघरात गेलो. बायको म्हणाली, "अहो, आंबेमोहराला हात लावू नका." मी रेशनच्या तांदळाची एक सपाट वाटी मोजून घेतली. घालायला पाच मिनिटं लागली. बाहेर काढताना लक्षात आलं की तांदूळ आत जाताना नरसाळ्यातून जातो, बाहेर येताना मात्र त्याला वेलांटी स्वतः शोधावी लागते. त्या संध्याकाळी अर्धी वाटी परत आली. बायकोने ती धूळमिश्रित अर्धी वाटी पक्ष्यांना घातली आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं: येणे अर्धी वाटी.

मग मी तारा काढल्या. एकदम सगळ्या. इथे कुठल्याही जाणकार माणसाने माझा हात धरला असता, पण घरात जाणकार कोणी नव्हतं. आर्चटॉपची घोडी चिकटवलेली नसते. ती फक्त तारांच्या दाबाने जागेवर उभी असते. सहा पोलादी तारांची मिळून ओढ साठ-सत्तर किलोची, म्हणजे एक भरला माणूस चोवीस तास लोंबकळत असल्यासारखी. तो माणूस उतरला आणि घोडी टुणकन उडून सोफ्याखाली गेली. सापडली. पण ती कुठे उभी होती? घोडी दोन सूत पुढेमागे झाली तरी वरचे सगळे सूर बेसूर होतात. नियम सोपा आहे: बाराव्या पडद्यापासून दांडीच्या माथ्याचं अंतर जेवढं, तेवढंच पलीकडे घोडीचं, किंचित जास्त. मी बायकोची शिवणकामाची टेप घेतली. ती टेप धुण्यात गेली होती आणि ओढून ओढून सैल झाली होती, हे मला आठवडाभराने कळलं. तिने शिवलेल्या ब्लाउजांचं कोडंही त्याच दिवशी सुटलं, तेव्हा आठवडा अगदीच फुकट गेला नाही.

पण खरा आजार दांडीच्या सांध्यात होता. दांडी पुढे झुकली होती, म्हणून तर तारा उंच. कोणीतरी पूर्वी त्यावर उपाय केला होता. सांध्यात आधी सुताराचा पांढरा डिंक, त्यावर प्लंबर गळत्या नळाला लावतात ती लांबी, आणि तरी समाधान न होऊन मागून तीन इंची स्क्रू. मूळचा जोड सरसाचा. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला डिंक. ऊन आणि वाफ लागली की सुटतो आणि पुन्हा लावता येतो. शंभर वर्षांनी कोणाला तरी हे वाद्य उघडावं लागेल, हा विचार ज्यांनी केला त्यांनीच तो वापरला. आपल्या भाषेने त्या वस्तूला सरस म्हटलं आहे, यात सगळं आलं.

सांधा उघडायची रीत अशी: दांडीवरचा एक पडदा उपटायचा, त्याच्या खाचेतून बारीक भोक पाडायचं आणि त्यातून वाफ सोडायची. त्यासाठी फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई लागते, रबरी नळी लागते आणि वाफ लागते. आमच्या घरात वाफेचा एकच कारखाना आहे. कुकरची शिट्टी काढून तिथे नळी बसवली. (हे वाचून कोणी करून पाहू नये. मी केलं तेव्हा घरातली माणसं पलंगाच्या पलीकडे उभी होती.) वाफ जोरात यायला लागली, सांध्यातून फुसफुस सुरू झाली, आणि मला हिंगाचा वास आला. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "गॅस जळतोच आहे तर म्हटलं डाळ होऊन जाईल."

वीस मिनिटांनी 'कट' असा आवाज झाला आणि दांडी माझ्या हातात आली. तूरडाळीच्या वाफेने गिटारची दांडी सोडवणारा मी जगातला पहिला माणूस असेन, पण नोंद कोण घेतो. आनंदात मी एक गोष्ट विसरलो. सगळी वाफ सांध्यातच राहिली नव्हती. बरीचशी पोटात गेली होती. आणि पोटात अर्धी वाटी तांदूळ होते.

आईने वेलांटीतून आत डोकावून सांगितलं, "वरण तिकडं झालं, भात इकडं झालाय."

दुसऱ्या दिवशी मी धड एका पिशवीत, दांडी दुसऱ्या पिशवीत घेऊन मिरजेला गेलो. सांगलीकराने मिरजेला जाणं म्हणजे घरातल्या घरात जाणं. मग आधीच का गेलो नाही? लाज. मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातली माणसं एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली, त्यांत फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात, आणि तेव्हापासून इथल्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. पंढरपूरकडून भोपळे येतात, इथे त्यांचे तंबोरे होऊन देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गल्लीत वरणाचा वास येणारी गिटार घेऊन शिरायला धीर लागतो.

दुकानातल्या चाचांनी ती मांडीवर घेतली. बोटाच्या पेराने छातीवर टकटक केलं, कलिंगड बघतात तसं. मग वेलांटीत दोन बोटं घालून काहीतरी बाहेर काढलं, बोटं चोळली, वास घेतला.

"साहेब, आत जेवला होता काय?"

मी सगळं सांगितलं. चाचा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वेलांटीची कड खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "हितं बगा." मी पाहिलं. कडेला खारी बिस्किटासारखे थर दिसत होते. कोरलेली छाती अखंड लाकडाची असते. ही प्लायची, साच्यात दाबून फुगवलेली. "जर्मन म्हणाला होता," मी म्हटलं. "जर्मन का काय म्हाईत न्हाई. थर मात्र तीन हायत. कलकत्त्याकडं असल्या लई बनायच्या." हॉटेलातला नाच, स्टुडिओ, चिक चॉकलेट, सगळं त्या तीन थरांत मिटलं. मी विचारलं, "मग ठेवू नको का?" चाचांना हा प्रश्न कळलाच नाही. "का? वाजती की."

तिथल्या कामाचा वेग वेगळा असतो. "जुम्म्यानंतर या." गेलो. भिंतीवर टांगलेल्या तंबोऱ्यांच्या रांगेत माझी गिटार जनरल वॉर्डातल्यासारखी निजलेली, सांधा सुतळीने आवळून पाचरी ठोकलेला. बाजूला पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं तापत होतं. वास असा की वरणाची आठवण यावी. "अजून वाळू दे. त्या बाईंची मैफल हाय, त्यांचा तंबोरा आधी." मग उरूस आला. मिरजेच्या उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं-बजावणं चालतं. त्या दिवसांत मिरजेत गिटारबद्दल विचारणं बरं दिसलं नसतं. मी आठवड्यातून दोनदा जायचो, स्टुलावर बसायचो, चहा प्यायचो. ऑफिसात मी इतका वेळ कधी शांत बसलो नव्हतो. फुटक्या भोपळ्याला आतून कापड लावून सांधताना पाहिलं, खुंटीला खडू लावताना पाहिलं. सतारीच्या तळाशी तारा अडकवतात त्या तुकड्याला लंगोट म्हणतात हे समजलं, आणि माझ्या गिटारच्या जर्मन पत्र्यालाही चाचा तेच म्हणायला लागले. मोडक्या खुंटीला त्यांनी हाडाचा नवा कान कोरून बसवला. बाकीचे पाच प्लास्टिकचे, पिवळे. तोंडात पाच खोटे आणि एक खरा दात असलेलं ते एकमेव वाद्य असावं.

शेवटी एका मंगळवारी गिटार तयार झाली. दांडी सरळ, तारा नव्या, उंची अशी की पेन्सिल सोडा, पोस्टकार्ड जेमतेम जावं. चाचांनी ती माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून बसले. मी सहावी तार छेडली.

झ्यांऽऽऽर्र.

पाचवी छेडली. झ्यांऽर्र. सगळ्याच झंकारत होत्या, बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारख्या. "चाचा," मी म्हटलं, "हे झर्र होतंय."

चाचांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आजही विसरलेलो नाही. "मग? जवारी लागलीया की! ह्याच्यासाठी पुण्या-मुंबईस्नं लोक येत्यात आणि दोन-दोन दिवस बसत्यात. तुमची सपाट घोडी बगवत न्हवती. घासून दिली. त्याचं पैसं न्हाई घेत."

मला घाम फुटला. घोटाळा दोन संस्कृतींचा होता आणि तो माझ्या मांडीवर होता. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो आणि त्याला कळत-नकळत असा उतार असतो. तार त्या उतारावर घासत, टेकत, सुटत कंप पावते आणि एका स्वरातून वरचे सगळे स्वर उमलतात. तीच जवारी. ती नसेल तर तंबोरा मुका. गिटारमध्ये याच्या बरोबर उलट: तारेने घोडीच्या एकाच तीक्ष्ण कडेवरून सुटायचं, मध्ये कुठेही टेकायचं नाही. टेकली आणि झर्र झालं की तो दोष. साऱ्या जगातले गिटारवाले हा आवाज घालवायला पैसे मोजतात. तो मला मिरजेच्या उत्तम हातांनी फुकट बसवून मिळाला होता.

मी जमेल तसं समजावलं. चाचा ऐकत होते. मग म्हणाले, "ते जयपूरचे भट पंडितजी, त्यांची काय हाय? गिटारच ना?" मला गप्प बसावं लागलं. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा मुळात आर्चटॉपच. तिच्यावर त्यांनी मिळून वीस तारा चढवल्या, त्यांतल्या बारा तरफेच्या, आणि अमेरिकेच्या राय कूडरबरोबर वाजवून १९९४ मध्ये ग्रॅमी आणलं. त्यांच्या आधी ब्रिजभूषण काबरा गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवत होते. त्यांची तर कॅलमझूचीच सुपर ४००, जिचं नाव तिच्या चारशे डॉलर किमतीवरून पडलेलं. म्हणजे या वाद्याच्या फुगीर पोटात राग मावतो हे सिद्ध झालेलं होतं.

"त्यांच्या वीस तारा," चाचा म्हणाले, "तुमच्या सहा. सहातच रडायला लागलाय."

तडजोड झाली. पाच तारांखालची घोडी पुन्हा घासून तीक्ष्ण केली, चाचांनी ते काम मांजरीच्या मिशा कापाव्यात अशा चेहऱ्याने केलं. सहावीला हात लावू दिला नाही. "ही र्‍हाऊ दे. खर्जाची हाय." मजुरी अठराशे झाली. मी दोन हजार दिले, त्यांनी दोनशे परत केले आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला येताना जेवून या."

आता ती गिटार आमच्या बाहेरच्या खोलीत असते. मला चार कॉर्ड येतात, पाचवी फक्त उन्हाळ्यात, बोटं मऊ असताना. फ्रेडी ग्रीनसारखा चार मात्रांचा ठोका धरायला बसलो की पहिल्या पाच तारा शिस्तीत बोलतात आणि सहावी कीर्तनाला उभी राहते. आईच्या भजनी मंडळाचा तंबोरा गेल्या श्रावणापासून नादुरुस्त आहे. तिने एक दिवस सहावी तार आपल्या पट्टीला उतरवायला लावली, छेडली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आत्ता कुठं पैसे वसूल झाले." दर एकादशीला ती गिटार माझ्या ताब्यात नसते. मंडळातल्या बायका तिला जर्मन तंबोरा म्हणतात.

गिटार उचलून आडवी केली की वेलांटीतून अजून एखादा दाणा पडतो. काही कच्चे, काही वाफवून वाळलेले. बायको प्रत्येक दाणा वाटीत टाकते. कालपर्यंतचा फ्रिजवरचा हिशेब असा आहे: घातले एक वाटी, आले पाऊण वाटी, येणे पाव वाटी.